कोइंब्रा आणि सालामांका : गोव्याच्या इतिहासातली दोन विद्यापीठनगरे

पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला ज्यांचे नाव दिले आहे ते वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आले. त्यापूर्वी त्यांचे शिक्षण स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथे झाले होते आणि लिस्बनच्या विद्यापीठात त्यांनी काही काळ अध्यापनही केले होते. ते विद्यापीठ पुढे १५३७ साली कायमचे पोर्तुगालमधल्याच कोइंब्राला हलवण्यात आले. शाळेत इतिहास शिकवताना ही दोन्ही नावे मी फळ्यावर लिहीत आलो, म्हणून निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा दोन्ही गावे एकाच प्रवासात, एकापाठोपाठ एक पाहावीत असे ठरवले. माझी पत्नी निबंधक कार्यालयातून निवृत्त झाली असून, गोव्यात आजही लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहांच्या नोंदी करण्यात तिची सारी नोकरी गेली. त्यामुळे कोइंब्राची ओढ तिला माझ्याइतकीच होती. ऑक्टोबर महिना निवडला, कारण तेव्हा दोन्हीकडे विद्यार्थी परतलेले असतात आणि विद्यार्थ्यांवाचून अशी गावे पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो.

कोइंब्रा : पहिली संध्याकाळ

लिस्बनहून आगगाडीने सुमारे दोन तासांत कोइंब्रा येते. कोइंब्रा-बी हे मुख्य स्थानक गावापासून थोडे बाहेर आहे, तेव्हा सामान असेल तर सरळ टॅक्सी करावी. मोंदेगू नदीच्या काठाला बायशा ही जुनी बाजारपेठ आहे आणि तिच्यामागे एकदम उभी चढत गेलेली टेकडी म्हणजे आल्ता, जिच्या माथ्यावर विद्यापीठ आहे. आम्ही पोचलो तेव्हा अटलांटिककडून आलेला बारीक पाऊस पडत होता. आपल्या मृगाच्या सरींची सवय असलेल्याला हा पाऊस किरकोळ वाटतो, पण पांढऱ्या चुनखडीच्या चिऱ्यांनी बांधलेले तिथले चढाचे रस्ते ओले झाले की तेलकट लादीसारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे, पकड चांगली असलेले बूट ही कोइंब्राला जाणाऱ्याची पहिली गरज आहे आणि गुडघे दुखत असतील त्यांनी वर जाताना बस घेऊन उतरताना तेवढे चालावे.

किब्रा कोश्ताश नावाच्या पायऱ्यांच्या गल्लीतून वर जात असताना काळा सूट आणि घोट्यापर्यंत पोचणारी काळी शाल अशा पारंपरिक वेशातली मुले-मुली मोठ्याने गात खाली उतरली. त्यांच्यामागे नवागत विद्यार्थ्यांची रांग होती आणि प्रत्येक कडवे त्यांना पुन्हा म्हणायला लावले जात होते. नव्यांना सामावून घेण्याच्या या प्रथांबद्दल पोर्तुगालमध्ये दोन्ही बाजूंनी वाद होतो. आम्ही पाहिले त्यात तरी पावसात भिजणे आणि बेसूर गाणे यापलीकडे काही नव्हते आणि मुलांच्या चेहऱ्यांवर आनंदच दिसत होता.

रात्री एका लहान खानावळीत शान्फाना मागवले. काळ्या मातीच्या भांड्यात, लाल वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेले हे बोकडाचे मटण. मसाला म्हणावा तर मिरी, लसूण आणि तमालपत्र एवढाच, परंतु रस असा दाट आणि आंबूस की भाताऐवजी पावाने पुसून खावा. पत्नीने काल्दू व्हेर्द, म्हणजे बटाट्याच्या दाट पाण्यात बारीक चिरलेली हिरवी पाने घातलेले सूप मागवले. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावे, कारण या हिरव्यागार सुपात चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, एक चकती घालण्याची रीत आहे आणि ती नको असल्यास मागवतानाच सांगावे लागते.

कोइंब्रा : टेकडीवरचा दिवस

दोम दिनिश या राजाने १२९० साली लिस्बनमध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ दोन-तीन शतके लिस्बन आणि कोइंब्रा यांच्यामध्ये ये-जा करत राहिले. अखेर तिसऱ्या दों जुआंवने १५३७ साली आपला इथला राजवाडाच त्याला वापरायला दिला. लोखंडी दरवाजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमानीतून आत गेले की तीन बाजूंनी इमारती आणि चौथ्या बाजूला नदीचे खोरे असे विस्तीर्ण पटांगण लागते आणि त्यात त्या राजाचा पुतळा उभा आहे. गोव्यातून गेलेल्याला या पुतळ्यासमोरून सहज पुढे जाता येत नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर याच राजाच्या विनंतीवरून गोव्याकडे निघाले, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायासन, याच्याच कारकिर्दीत सुरू झाले आणि गोव्याच्या तिसवाडीतली देवळे १५४० साली पाडली गेली तीही याच्याच राज्यात. विद्यापीठाला घर देणारा आणि आमच्या पूर्वजांना देव पाठीवर घेऊन नदीपार जायला लावणारा राजा एकच होता, हे पुस्तकातून ठाऊक असणे वेगळे आणि त्या पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहून जाणवणे वेगळे.

जुआनिना ग्रंथालय पाहण्यासाठी तिकिटावर छापलेली वेळ काटेकोर पाळावी लागते. गटागटाने सोडतात, मुख्य दालनांत थोडीच मिनिटे मिळतात, म्हणून तिकीट आधीच ऑनलाइन काढून सकाळची पहिली वेळ घ्यावी. पाचव्या दों जुआंवच्या काळात, १७१७ ते १७२८ या वर्षांत बांधलेली ही वास्तू म्हणजे एकापुढे एक तीन उंच दालने आहेत. सोनेरी नक्षीच्या लाखकामाने मढवलेली कपाटे छताकडे चढत जातात आणि वरच्या ओळीतील पुस्तके काढण्यासाठीच्या शिड्या कपाटांच्याच खांबांत अशा सरकवून ठेवलेल्या आहेत की सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. भिंती दोन मीटरहून अधिक जाडीच्या आणि दार सागवानी, त्यामुळे आतली हवा वर्षभर जवळजवळ सारखी राहते. ग्रंथालयात वटवाघळांची वस्ती आहे आणि ती मुद्दाम राहू दिली आहे, कारण रात्री बाहेर पडून ती कागद खाणारे किडे टिपतात. संध्याकाळी दारे लावण्यापूर्वी कर्मचारी मेजांवर चामड्याची आवरणे घालतात आणि सकाळी विष्ठा झाडून ती काढून ठेवतात. मी मेजाजवळ वाकून पाहिले. त्या काळ्याशार लाकडाची झिलई आजही शाबूत होती. ओल, वाळवी आणि कसर यांच्याशी झगडणाऱ्या आपल्याकडच्या ग्रंथालयांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ही व्यवस्था पाहून मनापासून आदर वाटतो.

ग्रंथालयाच्या तळाशी विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग आहे. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यावर राजाच्या नव्हे तर विद्यापीठाच्या कायद्याचा अंमल चाले आणि ही पद्धत १८३४ पर्यंत टिकली. जुन्या राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर पूर्वीचे सिंहासनदालन आहे. तिथे आजही पीएच.डी.ची जाहीर परीक्षा होते आणि भिंतींवरच्या चित्रांतून पोर्तुगीज राजे उमेदवाराकडे पाहत असतात. वरच्या सज्जातून ते दालन पाहताना मी पत्नीला सांगितले, की १८६७ च्या नागरी संहितेचे कर्ते विश्कोंद द सेआब्रा इथेच कायदा शिकले आणि पुढे इथलेच रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाले. ती बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. "अहो, लग्नाच्या नोंदीला आलेल्या पोरींना मी सांगत असे, की बाई, मालमत्तेत अर्धा वाटा तुझा आहे, हे नीट समजून सही कर. ते इथून आले होते तर," असे ती म्हणाली. वसाहतीने आमच्यावर जे लादले त्याचा हिशेब मोठा आहे, परंतु त्या हिशेबात ही एक जमेची बाजूही आहे, हे तिच्या बोलण्यातून मला त्या क्षणी नीट कळले.

दुपारी पटांगणाबाहेर आलो. इथे कोइंब्राचे रूप एकदम बदलते. जुन्या आल्तातील घरे आणि गल्ल्या १९४३ पासून जमीनदोस्त करून त्या जागी हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने सरळसोट, चौकोनी, भव्य इमारती उभारल्या. सालाझार स्वतः इथलाच विद्यार्थी आणि प्राध्यापक. त्या इमारतींच्या मधल्या रुंद रस्त्यावर उभे राहिले की माणूस लहान वाटतो आणि बांधणाऱ्याचा हेतूही तोच असावा असे मला वाटते. तरीही १७ एप्रिल १९६९ रोजी इथल्याच गणित विभागाच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला राष्ट्राध्यक्ष आले असताना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने उभे राहून बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली, त्याला अटक झाली आणि विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार घातला. हुकूमशाही त्यानंतर पाच वर्षे टिकली, पण तिच्या आवडत्या विद्यापीठातच तिला जाब विचारला गेला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संध्याकाळी फादो हा पोर्तुगालचा पारंपरिक गानप्रकार ऐकला. लिस्बनचा फादो स्त्रियाही गातात. कोइंब्राचा परंपरेने पुरुषांचा, विद्यार्थ्यांचा आणि काळ्या शालीतला आहे. इथली बारा तारांची गितार लिस्बनपेक्षा एक स्वर खाली लावतात, त्यामुळे तिचा नाद खर्जातला आणि गंभीर होतो. गायकाने सुरुवातीलाच सांगितले, की इथे टाळ्या न वाजवता घसा खाकरून दाद देण्याची जुनी रीत आहे. पहिल्या गाण्यानंतर त्या चिंचोळ्या दालनातील सगळे पाहुणे अवघडून खाकरले. तिसऱ्यापर्यंत ते मनापासून येऊ लागले.

कोइंब्रा : खालच्या गावात

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. सांता क्रूझ मठात पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो एन्रिकेश याचे थडगे आहे आणि त्याच्याच लगतच्या जुन्या धर्मवास्तूत १९२३ पासून एक प्रशस्त कॉफीगृह चालते. कमानदार छताखाली आम्ही आपापसांत कोकणीत बोलत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या मेजावरच्या एका वृद्ध बाईंनी वळून विचारले, "तुमी गोंयचीं मगो?" मुक्तीच्या आधी लहान वयात आईवडिलांबरोबर त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. पन्नाशीनंतर एकदाच गोव्यात जाऊन आल्या होत्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अजून भरतो का, तिथे चोरिसांच्या माळा विकणाऱ्या बायका बसतात का, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, गर्दी होते का, असे त्या बारकाईने विचारत राहिल्या. त्यांनी आमच्यासाठी पाश्तेल द तेंतुगाल मागवले. पापुद्र्याची ती गुंडाळी इतकी पातळ, की दाताखाली येताच तिचा चुरा होतो आणि आतले अंड्याच्या बलकाचे गोड सारण जिभेवर उरते. मी मराठी लिहितो हे ऐकून त्यांना नवल वाटले. त्यांच्या आजोबांकडे मराठी वर्तमानपत्र येत असे, एवढे त्यांना आठवत होते.

गोव्याच्या विद्यार्थ्यांचा विषय मीच काढला. मडगावचे आदेओदातो बार्रेतो आणि त्यांचे सहकारी तेलो द मास्कारेन्यश यांनी १९२८ साली, इथे शिकत असतानाच, 'इंदिया नोव्हा' नावाचे पत्र काढून भारतीय संस्कृती आणि स्वातंत्र्याची आकांक्षा यांविषयी पोर्तुगीज वाचकांना सांगण्याचा प्रयत्न केला. बार्रेतो १९३७ मध्ये अकाली गेले. मास्कारेन्यश पुढे गोवा मुक्तिलढ्यात तुरुंगात पडले आणि गोवा मुक्त झाल्यावरही काही वर्षे पोर्तुगालच्याच कैदेत राहिले. ज्या गावाने सालाझार घडवला त्याच गावात, त्याच दशकात, त्याच्या साम्राज्याला नाकारणारे गोवेकरही घडत होते. त्या मुलांची आठवण सांगणारी पाटी मी दिवसभर शोधली, मला ती कुठे दिसली नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी, अभ्यासकांनी ती मागायला हवी.

जवळच एका शांत चौकाला आजही इन्क्विझिशनचे नाव आहे. गोव्याप्रमाणेच कोइंब्रातही न्यायासन होते. वेळ असेल तर माशादू द काश्त्रू संग्रहालयाच्या तळघरातील रोमन भुयारी दालने अवश्य पाहावीत. वरच्या मूर्तींपेक्षा मला तीच अधिक लक्षात राहिली.

सीमेपलीकडे

दोन्ही गावांमध्ये थेट आगगाडी नाही, बसने अर्धा दिवस जातो. सीमा ओलांडताना घड्याळ एक तास पुढे करायचे, हे बसचे वेळापत्रक वाचताना लक्षात ठेवावे. ग्वार्दाच्या पुढे हिरवळ विरत जाते, ओकची विरळ झाडे आणि त्यांखाली चरणारी काळी डुकरे दिसू लागतात. सालामांका सुमारे आठशे मीटर उंचीच्या पठारावर आहे, त्यामुळे दुपारी लख्ख ऊन असले तरी रात्री लोकरीचे कपडे लागतात.

सालामांका : पहिली संध्याकाळ

सालामांकाला चढ जवळजवळ नाहीच. व्हीयामायोर येथील खाणींतल्या सोनेरी वालुकाश्माने सारे गाव बांधलेले आहे आणि मावळतीचे ऊन त्यावर पडले की भिंती मधाच्या रंगाच्या होतात. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला प्लाझा मायोर हा चौक पाहताच कोइंब्राशी असलेला मुख्य फरक ध्यानात येतो. कोइंब्रात विद्यापीठ गावाच्या डोक्यावर बसलेले आहे, तिथे जायचे तर चढून, दरवाजातून आत जावे लागते. इथे विद्यापीठाच्या इमारती, दुकाने, चर्चे आणि खानावळी एकमेकांत मिसळून गेल्या आहेत आणि रात्री नऊनंतर आजीआजोबा, बाबागाड्या, विद्यार्थी असे सगळे गाव चौकात फेऱ्या घालत असते. चौकाच्या कमानींवर राजे, सेनापती आणि विद्वान यांची कोरीव पदके आहेत. त्यांतले स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याचे पदक २०१७ साली उतरवण्यात आले.

जेवणाच्या वेळा इथे उशिराच्या आहेत. दुपारी दोनच्या आधी आणि रात्री नऊच्या आधी चांगल्या स्वयंपाकघरात चूल पेटत नाही. शान्फानाशी नामसाधर्म्य पाहून चान्फाइना मागवले, तर पुढ्यात मटणाचे काळीज-वजडी घालून शिजवलेला मसालेदार भात आला. पत्नीने पातातास मेनेआस, म्हणजे पाप्रिका घालून घोटलेले बटाटे घेतले. त्यावरचे डुकराच्या चरबीचे तुकडे वगळून द्यायला सांगितले आणि त्यांनी ते आनंदाने केले. बटाट्याचे जाड ऑम्लेट सगळीकडे मिळते आणि अंडे चालणाऱ्यांचे त्यावर निभते.

सालामांका : विद्यापीठात

लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ साली स्थापन केलेल्या या विद्यापीठाची दर्शनी भिंत म्हणजे दगडात केलेले सोनाराचे काम आहे. तिच्या उजव्या खांबावर एका कवटीच्या माथ्यावर बसलेला बेडूक आहे. तो कोणाच्या मदतीशिवाय सापडला तर परीक्षेत यश मिळते असे मानतात, त्यामुळे भिंतीसमोर माना वर केलेल्या लोकांची गर्दी असते. मला त्याहून आवडल्या त्या गावभर भिंतींवर तांबड्या रंगात लिहिलेल्या विजयखुणा. डॉक्टरेट मिळवलेल्याचे नाव भिंतीवर लिहिण्याची ही जुनी प्रथा असून त्या रंगात पूर्वी बैलाचे रक्त मिसळत असे सांगतात. काही अक्षरे शतकांपूर्वीची, काही अगदी ताजी.

आत इथले जुने प्राध्यापक आणि कवी फ्राय लुइस द लेओन यांचा वर्ग जसाच्या तसा राखला आहे. बाके म्हणजे जेमतेम तासलेले लाकडी वासे, पुढचा वासा लिहिण्यासाठी आणि मागचा बसण्यासाठी. मी त्यांवर बोट फिरवले, तर कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी कोरलेली अक्षरे आणि खाचा एकमेकांत घुसलेल्या लागल्या. बायबलमधील एका काव्याचा स्पॅनिशमध्ये अनुवाद केल्याच्या आणि अशाच अन्य आरोपांवरून फ्राय लुइस यांना इन्क्विझिशनने १५७२ मध्ये पकडले आणि जवळजवळ पाच वर्षे कैदेत ठेवले. सुटून आल्यावर पहिल्याच तासाला त्यांनी "काल आपण म्हणत होतो" अशी सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. चार पावलांवर सभागृह आहे, जिथे १२ ऑक्टोबर १९३६ रोजी वृद्ध रेक्टर मिगेल द उनामुनो यांनी फ्रँकोच्या सेनानीसमोर उभे राहून विरोध केला. नेमके शब्द कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यानंतर त्यांचे पद गेले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला, यात वाद नाही.

आम्हाला माहिती देणारी तरुणी स्वतः इतिहासाची विद्यार्थिनी होती. गार्सिया द ओर्ता हे नाव तिला वनस्पतींचे अभ्यासक म्हणून ठाऊक होते. त्यांचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनच्या शिक्षेने १५६९ मध्ये जाळण्यात आले आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्यांच्या अस्थीही उकरून जाळल्या गेल्या, हे मी सांगितले तेव्हा ती थांबली. त्यांच्या नावाने पणजीत आता उद्यान आहे हे ऐकून तिने विचारले, "तिथे बसणाऱ्या लोकांना हे माहीत असते का?" थोड्यांनाच, असे मी खरे ते उत्तर दिले.

सालामांका : शेवटचा दिवस

एकमेकींना जोडलेल्या जुन्या आणि नव्या अशा दोन कॅथेड्रलांत सकाळ गेली. नव्याच्या एका दारावर १९९२ च्या दुरुस्तीच्या वेळी कारागिरांनी अंतराळवीर कोरून ठेवला आहे. जुन्यातल्या सांता बार्बारा देवघरात परीक्षार्थी आदल्या रात्री एकटा बसे, असे सांगतात.

दुपारी सान एस्तेबान मठात गेलो. इथले धर्मपंडित फ्रान्सिस्को द व्हितोरिया यांनी १५३९ साली विद्यापीठातील व्याख्यानांत मांडले, की अमेरिकेतील मूळ रहिवासी आपल्या भूमीचे खरे मालक आहेत आणि ते ख्रिस्ती नाहीत एवढ्या कारणाने ती हिरावून घेता येत नाही. पुढच्याच वर्षी तिसवाडीत देवळे पाडली गेली. त्याच सुमारास, १५३८ मध्ये, सालामांकाचे नामवंत कायदेपंडित मार्तीन द आस्पिल्क्वेता कोइंब्राला शिकवायला गेले; ते फ्रान्सिस झेवियर यांचे आईकडून नातलग. म्हणजे या दोन विद्यापीठांत माणसे आणि विचार सहज ये-जा करत होते, तरी व्हितोरियांचे म्हणणे मांडवीच्या तीरापर्यंत पोचले नाही. मठाच्या ओवरीत बसून मी पत्नीला हे सांगत असताना ती म्हणाली, "पोचले असते तरी कोणी ऐकले असते?" मला उत्तर सुचले नाही.

माद्रिदला जाणाऱ्या गाडीत आमची दोन मते पडली. पत्नीला सालामांका आवडले : सपाट, उबदार, रात्री अकरालाही बाईमाणसाने निर्धास्त फिरावे असे, आणि आपल्या कटू आठवणी उघड्यावर मांडणारे. मला कोइंब्रा जड वाटले, तरी मन तिथेच गुंतले. ज्यांना एकाच गावासाठी सवड आहे आणि चालण्याचा त्रास आहे त्यांनी सालामांका घ्यावे; गोव्याचा इतिहास वाचलेल्याने कोइंब्रा चुकवू नये आणि निदान दोन रात्री राहावे. आम्ही पुन्हा जाणार आहोत ते मे महिन्यात. तेव्हा कोइंब्राचे विद्यार्थी आपापल्या शाखेच्या रंगाच्या फिती जाळून उत्सव करतात, वैद्यकाच्या पिवळ्या आणि कायद्याच्या लाल. त्या दिवसांत खोल्या कित्येक महिने आधी भरतात, म्हणून आरक्षण या हिवाळ्यातच करायचे ठरले आहे.